वारा आधी, रेषा नंतर

शिडाच्या बोटींच्या शर्यतीबद्दल चार जाणकार एकत्र बसले की एक जुना वाद हटकून निघतो. शर्यत सुरुवातीच्या रेषेवर जिंकली जाते की वाऱ्यावर? रेषेची बाजू घेणारे सांगतात, पहिल्या रांगेतून सुटलेली बोट निम्मी शर्यत तिथेच मारून जाते. वाऱ्याची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की सुरुवात कितीही देखणी असो, वारा फिरला की तिचे मोल उरत नाही. दोन्ही पक्षांकडे पुरावे भरपूर आहेत. गेल्या शंभर वर्षांतले लिखाण, नियम आणि गाजलेल्या शर्यती एकत्र ठेवून पाहिल्या, तर मला मात्र वादाची मांडणीच चुकलेली वाटते. सुरुवात हे वाऱ्यापासून वेगळे काढता येणारे कसब नाही. वाऱ्याबद्दल घेतलेला तो पहिला निर्णय असतो आणि बहुतेक वेळा सर्वांत महागडाही.

हे पटण्यासाठी थोडी भूमिती लागते. कोणतीही शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन धरून, कधी वारा उजव्या अंगावर घेत तर कधी डाव्या, तिला नागमोडी वर चढावे लागते. वारा उजव्या अंगावर असेल तर बोट स्टारबोर्ड टॅकवर, डाव्या अंगावर असेल तर पोर्ट टॅकवर. समोरासमोर आल्यास पोर्टवाल्याने वाट द्यायची, हा या खेळाचा मूळ नियम. शर्यतीचा पहिला बोया बहुतेक वेळा वाऱ्याच्या वरच्या अंगाला असतो आणि सुरुवातीची रेषा वाऱ्याला काटकोनात आखलेली असते. तिच्या उजव्या टोकाला पंचांची कमिटी बोट, डाव्या टोकाला तरंगता बोया. त्याला सगळे पिन म्हणतात.

आता हा काटकोन बिघडला की काय होते ते पाहा. ऑलिम्पिकमधला इल्का हा एकट्याने चालवायच्या बोटींचा वर्ग आहे. बोटीची लांबी सव्वाचार मीटरच्या आत. अशा पन्नास बोटींसाठी पंच साधारण २६५ मीटर लांबीची रेषा आखतात, म्हणजे सगळ्या बोटी एकापुढे एक ठेवल्या तर होईल त्याच्या सव्वापट. वारा दहा अंश डावीकडे सरकला, तर पिनचे टोक कमिटी बोटीच्या टोकापेक्षा सुमारे ४६ मीटर वाऱ्याच्या वर येते. बंदूक वाजण्याआधीच दहाहून अधिक बोटलांबींचा फरक पडला. ही ४६ मीटरची भेट डोळ्यांना दिसत नाही. पाण्यावर रेषा काढलेली नसते, वाऱ्याला रंग नसतो. ती होकायंत्राने आणि शिडाने वाचावी लागते. म्हणून जुने प्रशिक्षक मुलांना सांगतात, रेषेच्या मधोमध जा, बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर उभी कर आणि नाक कोणत्या टोकाकडे झुकते ते बघ. ते टोक पुढे असते.

कोणते टोक पुढे हे कळले म्हणजे काम संपले असे नाही. ते सगळ्यांनाच कळलेले असते. शेवटच्या मिनिटात तिथे बोटींची दाटी होते आणि त्या गर्दीत फार तर दोघांतिघांची सुरुवात चांगली होते. अनुभवी पंच म्हणूनच पिनचे टोक किंचित पुढे ठेवतात. स्टारबोर्ड टॅकवर येणाऱ्या बोटींचा ओढा आपसूक कमिटी बोटीकडे असतो, तो त्याने थोडा विखुरतो.

सुरुवातीआधीच्या शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्यक्ष काय चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पाच मिनिटे उरली की वर्गाचा झेंडा चढतो. चार मिनिटांवर तयारीचा झेंडा. इथून पुढे बोट शर्यतीच्या नियमांत आली. एक मिनिट उरले की तयारीचा झेंडा उतरतो आणि शून्यावर वर्गाचा. भोंगा किंवा बंदूक वाजते खरी, पण वेळ धरायची ती झेंड्यावर. त्या शेवटच्या मिनिटात इल्कामधली मुलगी रेषेच्या खाली दोन-तीन बोटलांबींवर शीड सैल सोडून जवळजवळ उभी असते. तिची सगळी धडपड खालच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या उताराला, मोकळे पाणी राखण्यासाठी चाललेली असते. तेवढ्या जागेत नाक थोडे खाली वळवून वेग घेता येतो. वरच्या बाजूची बोट जवळ येऊ लागली तर ही हळूहळू वाऱ्याकडे वर चढते आणि नियमाने वरच्या बोटीला बाजूला व्हावेच लागते. खालून कुणी तिच्या राखलेल्या जागेत घुसू लागले, तर नाक त्याच्याकडे वळवून जागा आधीच बुजवायची. दहा सेकंद उरता उरता शीड ओढायचे, अंग बोटीबाहेर टाकून बोट सपाट करायची आणि पूर्ण वेगात रेषेवर पोचायचे. मध्यम वाऱ्यात ही बोट वर चढताना सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. एक सेकंद उशीर म्हणजे अर्धी बोटलांबी.

हलक्या वाऱ्यात हे सगळे गणित बदलते. एकदा थांबलेली बोट पुन्हा वेग घ्यायला फार वेळ लावते, म्हणून उभे राहण्यापेक्षा चालते राहणे बरे. जोराच्या वाऱ्यात उभी बोट भराभर खाली वाहते आणि राखलेली जागा अर्ध्या मिनिटात संपते. वाऱ्याचा जोर कळल्याशिवाय सुरुवातीची पद्धतच ठरवता येत नाही, हे वादातले पहिले उत्तर.

मोठ्या, जड यॉटला तर असे उभे राहणे जमतच नाही. त्यांच्यासाठी हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांची पद्धत प्रसिद्ध आहे. हे गृहस्थ १९३०, १९३४ आणि १९३७ असे तीनदा अमेरिकाज कप राखणारे. आजच्या वाट देण्याच्या नियमांच्या पायाभरणीतही त्यांचा मोठा हात आहे. पद्धत अशी: रेषा ओलांडून उलट दिशेने निघायचे, ठरल्या क्षणी वळायचे आणि बरोबर बंदुकीला परत रेषेवर यायचे. रेषा सोडताना उरलेला वेळ अधिक वळायला लागणारा वेळ, ही बेरीज निम्मी करायची. दोन मिनिटे उरली असताना निघालात आणि वळण दहा सेकंदांचे असेल, तर १ मिनिट ५ सेकंद उरले की वळायला लागा. पण हे सूत्र जाताना आणि येताना वारा सारखाच राहील असे गृहीत धरते. तो पडला की हुकमी सूत्रही उशिरा पोचवते.

रेषेवरच्या झुंजीला नियमांनी वेळोवेळी वेसण घातली. एखादीच बोट आधी निसटली तर तिला परत बोलावतात; बऱ्याच निसटल्या तर सगळी सुरुवात रद्द. वारंवार रद्द होऊ लागले की पंच कडक झेंडे काढतात आणि त्यातला सर्वांत कडक काळा झेंडा. तो लागला असताना शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोके आणि पहिला बोया यांच्या त्रिकोणात जो सापडेल तो सुनावणीशिवाय बाद, शर्यत पुन्हा सुरू झाली तरी बाद.

या नियमाचा सर्वांत धारदार वापर १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये झाला. शिडाच्या शर्यती जॉर्जिया राज्यात सव्हानाच्या किनाऱ्यावर होत्या. लेझर वर्गात, म्हणजे आजच्या इल्कामध्ये, शेवटच्या शर्यतीआधी ब्राझीलचा रॉबर्ट शाइट पहिला होता आणि ब्रिटनचा १९ वर्षांचा बेन एन्स्ली दुसरा. काळा झेंडा लागलेला होता. शाइट वेळेआधी रेषेबाहेर गेला, एन्स्लीही त्याच्यासोबत ओढला गेला. दोघेही बाद, आधीच्या गुणांवर सुवर्णपदक शाइटचे. चार वर्षांनी सिडनीत एन्स्लीने परतफेड केली. शेवटच्या शर्यतीत तो सुरुवातीपासून शाइटच्या बोटीला चिकटून राहिला, त्याचा वारा अडवत त्याला मागे मागे नेत गेला आणि सुवर्ण घेऊन गेला. रेषेच्या बाजूने बोलणारे या दोन शर्यतींचा दाखला नेहमी देतात. पण दोन्ही ठिकाणी लढत दोनच माणसांची होती आणि बाकीचा ताफा निमित्तमात्र. अशा लढतीत प्रतिस्पर्ध्याचा वारा तोडणे हेच काम असते. पन्नास बोटींच्या साध्या शर्यतीला हा नमुना लावणे योग्य नाही.

वाऱ्याचा अभ्यास याहून जुना आहे आणि मला तो जास्त समृद्ध वाटतो. १९२०च्या दशकात मॅनफ्रेड करी यांनी शिडाचे वायुगतिशास्त्र आणि शर्यतीचे डावपेच एकाच पुस्तकात मांडले. एक बोट दुसरीच्या वाऱ्यावर नेमका काय परिणाम करते हे त्यांनी आकृत्यांनी दाखवले. बोटीच्या वाऱ्याखालच्या अंगाला वारा मरतो हे कुणालाही कळते. पण थोडी पुढे आणि खाली असलेली बोट वरच्या बोटीचाही वारा बिघडवते, हे त्यांच्यामुळे डावपेचांच्या भाषेत आले. रेषेवर खालच्या अंगाला जागा राखण्याची धडपड समजते ती यातून. पुढे अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ असलेले आणि जन्मभर शर्यती केलेले स्टुअर्ट वॉकर यांनी वाऱ्यावरच एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ब्रिटनमध्ये हवामानतज्ज्ञ डेव्हिड हॉटन यांनी किनाऱ्याची दिशा आणि वरच्या थरातला वारा यांवरून समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा अंदाज कसा बांधावा, ते सांगितले. ऑस्ट्रेलियात फ्रँक बेथवेट यांनी वाऱ्याच्या बारीक चढउतारांच्या नोंदी घेतल्या.

या लिखाणातून शर्यतीच्या कामाचा एक भेद पक्का झाला. वारा कधी एका मधल्या दिशेच्या दोन्ही बाजूंना झुलतो, पाच-दहा मिनिटांत डावीकडे, पुन्हा उजवीकडे. कधी तो एकाच बाजूला सरकत जातो आणि परत येत नाही. झुलणाऱ्या वाऱ्यात नाक बोयापासून ढळू लागले की टॅक बदलायचा. सरकणाऱ्या वाऱ्यात ज्या बाजूला वारा जाणार त्या बाजूला आधीच जाऊन बसायचे. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. निदान चुकले की उपाय घात करतो. बेथवेट यांच्या कामाने यात आणखी एक सावधगिरी घातली: खरा वारा घड्याळाच्या लंबकासारखा झुलत नाही, त्यात अनेक लयी मिसळलेल्या असतात. मोजलेल्या दोन झोल्यांवरून तिसऱ्याची वेळ सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडचा नमुना मुंबई बंदराचा घेऊ. पावसाळा सोडला तर ऑक्टोबर ते मे इथला मोसम. पहाटे आणि सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, ऊन चढता चढता तो पडतो, मधे एक पोकळी जाते आणि मग खारे वारे सुरू होतात. जमीन तापल्याने वर गेलेल्या हवेची जागा घ्यायला आलेला हा वारा आधी पश्चिमेचा असतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळे उत्तर गोलार्धात तो हळूहळू उजवीकडे वळतो आणि दुपारनंतर वायव्येचा होतो. म्हणजे हा सरकणारा वारा. पण गेटवे ऑफ इंडियासमोरचे पाणी शहराच्या पूर्वेला आहे. तिथे पोचणारा खारा वारा सगळी दक्षिण मुंबई ओलांडून, इमारतींच्या रांगांतून फाटून येतो. किनाऱ्यालगत त्याचे झोत अनियमित असतात, आत खुल्या पाण्यात तो पुन्हा सांधला जातो. एकाच दुपारी, एकाच शर्यतीत, मोठी चाल सरकत्या वाऱ्याची आणि तिच्यावर झुलत्या वाऱ्याचे झोत. त्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो आणि ते सगळे पाणी रेषेखालून वाहत असते. प्रवाह बोटींना वाऱ्याकडे ढकलत असेल तर ताफाच्या ताफा रेषेबाहेर जातो. उलट असेल तर मधल्या बोटी बंदुकीच्या वेळी रेषेच्या कितीतरी खाली राहतात. १९८२च्या आशियाई खेळांच्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फरोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण मिळवले. पाण्याशी आणि वाऱ्याशी असलेली ओळख अशा ठिकाणी किती कामाची, हे वेगळे सांगायला नको.

खडकवासल्याच्या जलाशयात, डोंगरांच्या कुशीत, वाऱ्याचे वागणे पार निराळे. हैदराबादच्या हुसेन सागरावर जुलैत शर्यती होतात. चारी बाजूंनी शहर असलेल्या त्या तलावात वारा कधी कुठून झेपेल याचा नेम नसतो. अशा पाण्यावर शिकलेली मुले झोत ओळखण्यात तरबेज होतात. समुद्रावर आल्यावर त्यांना लाट आणि प्रवाह नव्याने शिकावे लागतात.

आता वाऱ्याच्या पक्षाचे मोठे पुरावे. १९८३मध्ये न्यूपोर्टला अमेरिकाज कपची सातवी, निर्णायक शर्यत. अमेरिकेची लिबर्टी चौथ्या बोयाला ५७ सेकंदांनी पुढे होती. पाचवा टप्पा वाऱ्याबरोबर उतरायचा होता. ऑस्ट्रेलिया टूने वेगळी बाजू धरली, तिथे तिला जास्त वारा मिळाला आणि लिबर्टीच्या डेनिस कॉनर यांनी तिच्याच बाजूला राहून तिला अडवले नाही. जॉन बर्ट्रंड यांची बोट ४१ सेकंदांनी जिंकली आणि १३२ वर्षांची अमेरिकेची मक्तेदारी संपली. लोक अजून तिच्या तळाखालच्या पंखवाल्या कीलबद्दल बोलतात. त्या दुपारी कप पाचव्या टप्प्यावरच्या वाऱ्याने हलवला. २०१३ला सॅन फ्रान्सिस्कोत तर वाऱ्याने एक शर्यतच होऊ दिली नाही. न्यूझीलंडला कपसाठी एकच विजय हवा होता आणि ते खूप पुढे होते. पण वारा इतका पडला की ४० मिनिटांची मुदत संपली आणि शर्यत रद्द झाली. त्याच दिवशी ती पुन्हा घेतली तेव्हा अमेरिकेची ओरॅकल जिंकली. एकदा ८-१ अशी मागे पडलेली ओरॅकल शेवटी ९-८ ने कप घेऊन गेली.

मग सुरुवातीला किंमत नाही का? आहे. आकड्यांनी ती मोजूही शकतो. दोन इल्का एकमेकींपासून आडव्या १०० मीटर अंतरावर आहेत आणि वारा दहा अंश फिरला, तर योग्य बाजूच्या बोटीला सुमारे २५ मीटरचा फायदा होतो. सुरुवातीला दहा सेकंद उशीर झालेल्या बोटीचे नुकसान २३ मीटरच्या आसपास. म्हणजे एका चांगल्या झोल्याने एक वाईट सुरुवात भरून निघू शकते. पण उशिरा सुटलेल्या बोटीवर पुढच्या रांगेने मारलेला वारा येतो आणि वर-खाली बोटी असल्याने तिला टॅक घ्यायला जागा नसते. झोला आला हे तिला कळते, त्याचा उपयोग मात्र करता येत नाही. सुरुवातीचे खरे भांडवल ते हेच: वारा सांगेल तिकडे वळण्याची मोकळीक. पिनला सर्वांत पुढे सुटलेली पण उजवीकडे वळू न शकणारी बोट, वारा उजवीकडे सरकणार असेल तर, फसलेली असते. तिसऱ्या क्रमांकाने पण मोकळ्या पाण्यात सुटलेली तिच्याहून बरी.

म्हणून शर्यतीआधीचा तास मला त्या पाच मिनिटांइतकाच महत्त्वाचा वाटतो. चांगला स्पर्धक लवकर पाण्यावर पोचतो. दोन्ही टॅकवरचे होकायंत्राचे आकडे टिपतो, पुन्हा दहा मिनिटांनी टिपतो आणि त्यातून वारा झुलतो आहे की सरकतो आहे ते ओळखतो. बोयाजवळ पाण्यावरचे प्रवाहाचे वळ पाहतो. रेषेच्या सरळ रेघेत किनाऱ्यावरची एखादी खूण, मनोरा वा झाड, हेरून ठेवतो. दूर पाण्यात जागा सांगण्यासाठी कोकणातले मच्छीमार दोन खुणा एका रेघेत धरतात, तीच ही युक्ती. ही खूण नसेल तर रेषेच्या मध्यावरचे सगळे भीतीने मागे राहतात आणि रेषा झोळीसारखी खाली लोंबते. खूण असलेला एकटा त्या झोळीतून एक बोटलांबी पुढे सुटतो.

रेषेची ही भूमिती टाळण्याचेही प्रयत्न झाले. ५०५ वर्गात गेट पद्धत आहे: एक बोट पोर्ट टॅकवर चालत राहते आणि बाकीच्या तिच्या मागून एकामागे एक सुटतात. टोकाचा फायदा जवळजवळ संपतो, रेषेबाहेर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. तरी डावीकडे लवकर सुटायचे की उजवीकडे उशिरा, हा वाऱ्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. दुसऱ्या टोकाला २०१९पासून चाललेली सेलजीपी ही शर्यतमालिका. फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, पाण्याबाहेर उडणाऱ्या बोटी, उपग्रहावरून आखलेली रेषा, रेषेला किती सेकंद उरले हे सांगणारा संगणक. तिथे पहिला बोया वाऱ्याच्या वर नसतो, बाजूला असतो. बोटी सुसाट त्याच्याकडे धावतात आणि तिथे पहिली पोचणारी बहुधा पुढेच राहते. शर्यत पंधरा मिनिटांच्या आसपास संपते, बाजूंना सीमा आखलेल्या असतात, त्यामुळे वेगळ्या वाऱ्याच्या शोधात लांब जाणे शक्यच नसते. प्रेक्षणीय आहे, कौशल्य अफाट लागते. पण वारा वाचणाऱ्याला यात फार थोडी जागा उरते, आणि ही दिशा सगळ्या खेळाने धरू नये असे माझे मत आहे.

ऑलिम्पिकमध्येही टप्पे आखूड झाले आहेत; २०२४पर्यंत बहुतेक वर्गांत शेवटच्या पदक शर्यतीत पहिले दहाच उतरत आणि गुण दुप्पट असत. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी, २०२४मध्ये मार्सेयला, वाऱ्याने ही आखणीही वेठीला धरली. पदक शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन तिथे होते, टोकियोनंतर दुसऱ्यांदा. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलांना पन्नास बोटींच्या रेषेचा सराव देशात क्वचितच मिळतो, कारण तेवढा ताफाच जमत नाही. तो परदेशी शर्यतींतच मिळवावा लागेल. वारा मात्र मुंबई, गोवा, चेन्नईला रोज आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक क्लबने आपल्या पाण्याची वही ठेवावी: तारीख, भरतीची वेळ, मतलई कधी पडला, खारा कुठून उठला, तासाला किती अंश वळला. पाच मोसमांच्या अशा नोंदी पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती दिल्या, तर ती रेषेवर कोणत्या टोकाला जायचे ते शेजारच्या बोटीकडे बघून ठरवणार नाही.